साधी सायकल, लांबचा पल्ला

(गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सूत्रसंचालकांनी मला आत्ताच ‘सायकलपटू’ करून टाकलं, ते आधी दुरुस्त करतो. मी आयुष्यात एकही शर्यत लावलेली नाही. आमच्या ऑफिसातले सहकारी समोर बसलेत, ते साक्ष देतील की तिसऱ्या मजल्यावर जायलासुद्धा मी लिफ्टची वाट बघतो. मी फक्त सायकलीवर बसून लांब जातो, सावकाश जातो आणि धडपणे परत येतो. त्यातल्या ‘धडपणे’ या शब्दावर मला आज बोलायचं आहे.

स्टेजवर उभी आहे ती माझीच सायकल. मुलांनो, कार्यक्रम झाल्यावर खुशाल हात लावा, पण फिरत्या चाकात बोट घालू नका. हिला बघून मोठी माणसं पहिला प्रश्न विचारतात, ‘केवढ्याला घेतली हो?’ मी २०२० साली टाळेबंदी उठल्यावर घेतली, सव्वीस हजारांना. हा आकडा ऐकून निम्मी मंडळी म्हणतात, ‘बाप रे, सायकलीला सव्वीस हजार!’ आणि उरलेली निम्मी म्हणतात, ‘एवढीच? अहो, माझा फोन ऐंशीचा आहे.’ दोन्ही बाजूंना मी तेच सांगतो. रोड बाइकच्या दुनियेत ही पहिली पायरी. हिच्यावर बसून मी २०२३ च्या गणपतीला बेळ्ळंदूरहून बेळगावला घरी गेलो, तीन दिवसांत, सुमारे ५२० किलोमीटर.

तो रस्ता आपल्यापैकी निम्म्यांना पाठ आहे. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड. पाठ आहे म्हणजे काय, रात्री साडेनऊला स्लीपरमध्ये आडवं व्हायचं आणि पहाटे कंडक्टरनं हाक मारली की उतरायचं. मधलं काही आपण बघितलेलंच नसतं. मीही वीस वर्षं बघितलं नव्हतं.

पण ती गोष्ट शेवटी. आधी सायकल.

दुकानातून नवी आणलेली अशी सायकल ही तांदूळ धुऊन कुकर लावल्यासारखी असते. शिट्टी व्हायची आहे. ती रविवार सकाळच्या तीस-चाळीस किलोमीटरांसाठी ठीक असते. किंमत एका आकड्याच्या आत बसवायची म्हणून काटकसर केलेली असते, आणि ती फ्रेममध्ये सहसा नसते. फ्रेम चांगलीच असते. काटकसर असते ती सीटमध्ये, टायरमध्ये, चाकाच्या तारा ओढण्याच्या वेळात आणि ग्रीसमध्ये. चाळीस किलोमीटरांत ती कळत नाही. शंभराच्या पुढं ती तुमच्या अंगातून बाहेर पडते.

आणि आपली मंडळी पैसे कुठं घालतात? वजनात. अमुक भाग कार्बनचा घेतला, तमुक दोनशे ग्रॅमनं हलका झाला. माझी सायकल साडेदहा किलो, मी अठ्ठ्याहत्तर, पाणी आणि पिशवी मिळून चार. एकूण साडेब्याण्णव. त्यातला एक किलो कमी करायला तीस-चाळीस हजार लागतात, आणि सपाट हमरस्त्यावर त्याचा फरक जवळजवळ शून्य. तो किलो मी चातुर्मासात माझ्या पोटावरून काढायचा प्रयत्न करतो. (दर वर्षी गणपतीत परत येतो.)

आता लांब म्हणजे किती, ते सांगतो. सायकलवाल्यांत ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार आहे. मूळ फ्रान्सचा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. दर थांब्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा, कुठं नसेल तर हॉटेलचं बिल दाखवायचं. मागं मदतीची गाडी चालत नाही. जे बिघडेल ते आपलं आपण दुरुस्त करायचं. एका मोसमात हे चारही टप्पे केले की ‘सुपर रॅन्डोनर’ म्हणतात. आपल्या देशात हे आणण्यात आणि रुजवण्यात मोठा वाटा आहे पुण्याच्या दिव्या ताटे यांचा. ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स ही संस्था त्यांनी उभी केली, आणि बेंगळुरूत आता जवळजवळ वर्षभर ब्रेव्हे असतात. नाशिकचे महाजन बंधू, डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र, यांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची ‘रॅम’ ही शर्यत दोघांनी मिळून पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी ती एकट्यानं केली. त्यांची जातकुळी वेगळी, त्यांना लांबूनच नमस्कार. पण २०० किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे जेवणखाण धरून ताशी पंधरा. हे आपल्यातल्या बहुतेकांना जमण्यासारखं आहे. मला जमलं. कसं जमलं ते मात्र अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

पहिला २०० चा ब्रेव्हे मी सायकल दुकानातून आली तशीच घेऊन केला. तेरा तास दहा मिनिटं. पदक मिळालं, घरी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोड लिहायला बसलो, तर दर ओळ चुकायला लागली. संगणकवाल्यांना ठाऊक आहे, अर्धविराम उजव्या करंगळीनं मारतात. माझी करंगळी कळ दाबत होती की नाही तेच मला कळत नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका, दोन्ही लाकडाची झाल्यासारखी. शर्टाची बटणं लावता येईनात. जेवताना वरणभाताचा घास बोटांच्या फटीतून गळायला लागला, तेव्हा आईनं फोनवर विचारलं नसतं तर कदाचित मी अजून चार आठवडे अंगावर काढलं असतं.

डॉक्टरांनी हात तपासला. अल्नर नावाची नस तळहाताच्या करंगळीकडच्या कडेनं बोटांत जाते. तिथं तेरा तास हँडलचा दाब बसला होता. ते म्हणाले, ‘हे बहुतेक आपोआप भरून येईल. पण परत परत केलंत तर हाताचे स्नायू बारीक होतील, आणि ते सहजी परत येत नाहीत. सायकल बंद करा, नाहीतर सायकल बदला.’ पहिला पर्याय आमच्या सौभाग्यवतींना पसंत होता. दुसरा पर्याय मला पसंत होता, पण खिशाला नव्हता. मग तिसरा काढला. आहे तीच सायकल दुरुस्त करायची. बोटं पूर्ण जागी व्हायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी या सायकलीचा जेवढा अभ्यास केला तेवढा इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत केला नव्हता.

दुखणं हातात असलं तरी चूक हँडलची नसते बरं का, निदान सगळी नसते. चूक सुरू होते सीटपासून. माझ्या सीटचं नाक पुढं झुकलेलं होतं. त्यामुळे मी सतत पुढं घसरत होतो, आणि घसरू नये म्हणून हातांनी हँडल रेटत होतो. तेरा तास! घरी आल्यावर सीटवर पट्टी ठेवून पाणसळ लावली आणि सीट सपाट केली. खर्च शून्य. निम्मं दुखणं तिथंच गेलं.

मग उंची. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर गुडघा सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला की तो किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा. हिशेबाची आवड असलेल्यांनी भिंतीला पाठ लावून, पायांत वहीचा पुठ्ठा धरून, जांघेपासून जमिनीपर्यंत माप घ्यावं. त्याला ०.८८३ नं गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर येतं. सुरुवात तिथून करायची आणि नंतर एका वेळी तीन-चार मिलीमीटरच हलवायचं. आपल्याकडं सीट बुटकी ठेवायची खोड आहे, कारण लहानपणी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं शिकवलेलं असतं. ते दूध घालायला जाताना ठीक. दोनशे किलोमीटर बुटक्या सीटवर म्हणजे गुडघ्यांची वाट. उलट, सीट फार उंच केली तर कंबर दोन्हीकडं डुलते आणि मांडीची कातडी सोलते.

त्यानंतर हँडल. हँडल आणि चिमटा यांना जोडणारा जो आडवा तुकडा असतो त्याला स्टेम म्हणतात. माझा शंभर मिलीमीटरचा होता आणि हँडल मला लांब आणि खाली पडत होतं. या प्रकारचा स्टेम बहुधा थोडा तिरका असतो आणि उलटा बसवता येतो. नुसता उलटवला की हँडल दीड-दोन सेंटीमीटर वर येतं. तेही फुकट! पुढं मी ऐंशी मिलीमीटरचा स्टेम घातला, पण आधी उलटवून महिनाभर चालवून बघितलं. इथं एक सूचना. स्टेमच्या डोक्यावर जो एक बोल्ट दिसतो तो हँडल पकडायचा नसतो, तो चिमट्याचा खेळ काढायचा असतो. पकडतात ते बाजूचे दोन. बाजूचे ढिले करायचे, वरचा हलक्या हातानं आवळून खेळ काढायचा, हँडल सरळ करायचं आणि मग बाजूचे आवळायचे. हा क्रम चुकला तर एक तर चिमटा जाम होतो, नाहीतर उतारावर खडखडायला लागतो.

हँडलवर जुन्या पट्टीवरून दुसरी पट्टी गुंडाळली. आणि हात एका जागी ठेवायचे बंद केले. दर दहा मिनिटांनी जागा बदलायची: वर, बाजूला, ब्रेकच्या मुठींवर, खाली. परत वर.

सीटबद्दल अजून एक सांगायचं आहे, पण पहिल्या रांगेत ज्येष्ठ मंडळी आहेत, म्हणून जपून सांगतो. नव्या सायकलवाल्याला वाटतं, दुखतंय ना, मग मऊ सीट घेऊ. वरून जेलची उशीही चढवतो. तासाभरात ती उशी जिथं जायला नको तिथं जाते. आपण बसतो दोन हाडांवर. त्या हाडांच्या रुंदीची, जरा टणक सीट हवी. मऊपणा चड्डीत हवा. ती सायकलीची गादीवाली चड्डी असते, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. हे वाक्य मी एकदाच म्हणणार होतो, ते म्हणून झालं.

टायरकडं येतो. माझ्या सायकलीला मुळात २५ मिलीमीटरचे टायर होते आणि दुकानदारानं त्यात टच्च ११० पौंड हवा भरून दिली होती. का, तर हवा जेवढी जास्त तेवढी सायकल पळते असा समज. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर कदाचित पळेल. आपल्या सर्जापूर रस्त्यावर दगडासारखा टायर प्रत्येक खडीवर उडतो, आणि तो वर उडवण्यात तुमचीच ताकद जाते. हाताला, पाठीला हादरे बसतात ते वेगळे. मी २८ मिलीमीटरचे टायर घातले. मागं ऐंशी आणि पुढं सत्तर पौंड हवा ठेवतो, माझ्या वजनाला. वेग रतीभर कमी झाला नाही, पण संध्याकाळी घरी आल्यावर माणसासारखं वागता यायला लागलं. घेण्याआधी ब्रेक आणि फ्रेम यांच्यात जागा किती आहे ते बघा. टायरच्या सगळ्या बाजूंनी चार मिलीमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर पावसात चिखलानं चाक अडतं. माझ्यात ३२ बसत नाहीत. तुमच्यात बसत असतील तर बिनधास्त घाला.

टायरचं महत्त्व जुनंच आहे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं, सुमारे १२०० किलोमीटर, ही मोहीम १८९१ साली पहिल्यांदा झाली. आजही ती दर चार वर्षांनी होते, नव्वद तासांची मुदत असते आणि आपल्याकडची मंडळीही जातात. पहिल्या खेपेला शार्ल तेराँ नावाचा गडी एकाहत्तर तास आणि काही मिनिटांत जिंकला. त्याच्या चाकांवर मिशलॅंचे हवेचे टायर होते, काढता-घालता येणारे, म्हणजे पंक्चर झालं तरी रस्त्यात काढता येईल असे. तेव्हा ती नवलाई होती.

आपल्या हमरस्त्यावर पंक्चर काट्यानं कमी होतं, तारेनं जास्त. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्यातल्या केसासारख्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पसरलेल्या असतात आणि आपण नेमके कडेनं चालवतो. ती तार टायरमध्ये रुतून बसते. ट्यूब बदलली, हवा भरली, दहा मिनिटांत परत बसली, असं झालं तर समजायचं की तार आतच आहे. बोटानं शोधायला जाल तर बोट फाडून घ्याल. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवायचा, जिथं धागा अडकेल तिथं तार. चिमट्यानं उपटायची. म्हणून माझ्या पिशवीत दोन ट्यूब, पंक्चरची चकती आणि सोल्युशन यांच्याबरोबर कापूस आणि भुवया कोरायचा चिमटा असतो. तो चिमटा घरातून नाहीसा झाल्याचा तपास अजून चालू आहे, कृपया इथं बोलू नका.

गिअर. माझ्या सायकलीला पुढं ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं, मागं १४ ते २८ अशी सात. पाय मिनिटाला साठ वेळा फिरले, तर ३४ आणि २८ च्या जोडीवर सायकल ताशी सव्वानऊ किलोमीटर जाते. नंदी टेकडीच्या शेवटच्या वळणांवर मला साडेसातच जमतात. म्हणजे पाय हळू फिरवायचे आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर दाब द्यायचा. तरुणपणी चालतं. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. मागचं मोठं चक्र ३४ दात्यांचं घातलं. त्यासाठी मागचं गिअर हलवणारं यंत्र लांब पायाचं लागतं आणि चेनही थोडी लांब लागते, हे आधी विचारून घ्या. नुसतं चक्र आणाल तर बसणार नाही. सगळं मिळून तीन हजारांच्या आत झालं. आता ३४ ला ३४, पॅडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी. ताशी साडेसातनं मी गाणं गुणगुणत चढतो. शेजारून पायी जाणारे लोक माझ्याशी गप्पा मारू शकतात.

एवढं करून मी स्वतःला शहाणा समजायला लागलो, आणि २०२२ च्या गणपतीला बेळगावला निघालो. शिरा सोडलं. हिरियूरच्या अलीकडं मागून ‘टण्ण’ आवाज आला. चाकाची एक तार तुटली होती. दोन किलोमीटरांवर दुसरी. दोन तारा गेल्या की चाक पापडासारखं वाकतं आणि दर फेरीला ब्रेकला घासतं. ब्रेक उघडा करून तसाच पाच-सहा किलोमीटर रेटला, तर तिसरी तुटली. दुपारचे दोन वाजलेले, सावली नाही. एका टोमॅटोच्या टेंपोवाल्यानं मला आणि सायकलीला उचललं. घरी गणपती बसला तेव्हा मी इथं बेळ्ळंदूरला होतो, कारण मिळालेली गाडी बेंगळुरूकडं येणारी होती. अप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘तारा आवळून घेतल्या होत्यास?’

नव्हत्या. कारखान्यात यंत्रावर बांधलेलं चाक पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत बसतं, तारा ढिल्या-घट्ट होतात. मग ढिल्या तारेचा भार शेजारची घेते आणि थकून तुटते, बहुतेक मागच्या चाकाची, चेनच्या बाजूची. हे मला पुस्तकात सापडलं असतं, पण शिकवलं एका जुन्या सायकल दुकानातल्या चाचांनी. त्यांनी चाक उलटं धरून एकेक तार नखानं छेडली. मी म्हटलं, काय करताय? म्हणाले, ऐक. एक टिंग म्हणते, दुसरी टक् म्हणते. तबल्याचे गठ्ठे ठोकून सगळी पुडी एका सुरात आणतात ना, तसं त्यांनी तासभर बसून छोट्या चावीनं ते चाक सुरात लावलं. मधे मधे हातानं तारांच्या जोड्या दाबून कडकड आवाज काढला, पीळ बसला असेल तो सुटावा म्हणून. मग आउट काढला. मजुरी दीडशे रुपये सांगितली. या सायकलीवर केलेल्या खर्चात मला सगळ्यात लाज वाटते ती या आकड्याची. मी जास्त दिले, पण तरीही वाटते.

त्याच दिवशी ओव्हरऑइलिंग करून घेतलं. दोन्ही चाकांचे छर्रे काढले तर आत ग्रीस नावालाच होतं. सीटच्या दांड्याला आणि पॅडलच्या आट्यांनाही ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी ते निघणार नाहीत. ब्रेकचे रबर बदलले, शंभर-दीडशेचा प्रश्न. रात्रीसाठी पुढं दोन दिवे, मागं दोन, अंगात चमकपट्ट्यांचं जाकीट. ब्रेव्हेत हे लागतंच, पण एरवीही रिंग रोडच्या गर्दीत तुम्ही दिसणं हे तुम्हाला दिसण्यापेक्षा महत्त्वाचं. २०२० मध्ये आपल्या रिंग रोडवर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली होती, आठवतं का? मेट्रोच्या कामात ती गेली. म्हैसूरच्या नव्या महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना आणि सायकलींना बंदीच आहे, बाजूच्या रस्त्यानं जावं लागतं. निघण्याआधी हे बघून घ्यावं.

सगळा हिशेब केला तर सव्वीस हजारांच्या सायकलीवर मी आणखी नऊ हजारांच्या आसपास घातले. त्यात दिवे आले, सीट आली, दोन चड्ड्याही आल्या.

२०२३ ला चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मी १५ ला, शुक्रवारी पहाटे साडेतीनला इथून निघालो. हेब्बाळवरून तुमकूर रस्ता धरला. क्यातसंद्राला तट्टे इडली खाल्ली, चार. पिशवीत सौभाग्यवतींनी दिलेल्या दशम्या होत्या, दर तासाला अर्धी. भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, एकदा लागली की उशीर झालेला असतो. हिरियूरच्या अलीकडं तो पट्टा आला तेव्हा मी उगाच मागं वाकून तारांचा आवाज ऐकत होतो. काही आवाज नव्हता. पण वारा होता. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि आपलं गाव नेमकं त्याच दिशेला. चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या का लावल्या आहेत ते मला त्या दिवशी कळलं. उतारावरसुद्धा पॅडल मारावं लागत होतं. संध्याकाळी सहाला चित्रदुर्ग. दुसऱ्या दिवशी दावणगेऱ्यात बेण्णे दोसा, आणि अंधार पडल्यावर हुबळी. तिसऱ्या दिवशी धारवाडच्या पुढं पाऊस लागला तो कित्तूर गेलं तरी थांबेना. हात कोरडा करून करंगळी अंगठ्याला लावून बघायची मला आता सवयच लागली आहे. लागत होती. नीट कळत होती.

आमचे अप्पा तीस वर्षं सायकलीनं उद्यमबागेत कामाला गेले. तिसऱ्या रेल्वे गेटात रोज दहा मिनिटं उभे राहत. मी घरी पोचलो तेव्हा ते दारातच होते. आई ओवाळायला आत पळाली. अप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी सायकल घेतली, मागचं चाक उचललं, फिरवलं, आणि डोळा बारीक करून ब्रेक आणि रिमच्या मधली फट बघत राहिले. चाक बराच वेळ फिरलं.

‘आउट नाही,’ ते म्हणाले. मग चेनला बोट लावून बघितलं. ‘पण तेल गेलंय सगळं पावसात. आत ये, आधी पुसून घे. दे, मी धरतो.’

मंडळी, आपल्या वसाहतीच्या तळघरात मी परवा मोजल्या, एकोणतीस सायकली धूळ खात पडल्या आहेत. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता मी खाली पंप, पाने, तारांची चावी आणि ग्रीसचा डबा घेऊन बसणार आहे. पाणसळही आणतो. ज्यांना सीट सपाट आहे की नाही बघायचं असेल त्यांनी सायकल घेऊन यावं. येताना एक जुनं फडकं आणा, माझ्याकडं एवढी नाहीत.